हाकेच्या अंतरावरील विश्रांती

गृहस्थाने विश्रांती घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता विचार करण्याजोगा वाटत नाही. देह थकतो, त्याला विसावा हवा, एवढे म्हणून माणूस मोकळा होतो. परंतु विश्रांती नेमकी कशापासून घ्यावयाची, आणि जिच्यापासून सुटी घेता येत नाही अशी एखादी गोष्ट गृहस्थाश्रमात आहे की नाही, असे विचारले म्हणजे उत्तर तितके सोपे राहत नाही. आज इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो, की कोकणातील एखादे खेडे असो, असंख्य घरांतील एखादा मुलगा वा मुलगी परदेशी राहते आणि वृद्ध आईबाप मायदेशी असतात. अशा घरांत हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा राहत नाही. प्रस्तुत लेखकास तो पोथी वाचताना पडला नाही. परक्या देशातील समुद्रकिनाऱ्यावर तीन दिवस सुखात घालवून घरी परतल्यावर पडला, आणि तो पडण्यास स्वतःचीच एक चूक कारण झाली. ती चूक आधी सांगून मग विवेचन करणे बरे, कारण स्वतःस वगळून केलेला धर्मविचार वाचकांच्या फारसा उपयोगी पडत नाही.

संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराच्या निमित्ताने मी गेली काही वर्षे सहकुटुंब जर्मनीत, बर्लिन येथे राहत आहे. मातोश्री रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी वडीलबंधूंजवळ असतात. दर शनिवारी व रविवारी त्यांच्याशी दूरध्वनीवरून बोलावयाचे, हा आमचा नेम. बोलण्यात विशेष असे काही नसते. आंब्याला मोहर कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे, नातीचा खोकला गेला का, इतकेच. परंतु नेम तो नेम.

इ. स. २०२४ च्या मे महिन्यात एका मोठ्या ग्रंथाचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. कित्येक महिने रात्रीचा दिवस केल्यामुळे डोळे जड झाले होते, झोप उडाली होती आणि क्षुल्लक कारणावरून राग येऊ लागला होता. शेवटी सौभाग्यवतीने निर्वाणीचे सांगितले, “अहो, तीन दिवस तरी त्या पोथ्या आणि ते फोन घरात ठेवून कुठेतरी चला. मुलगी विचारते आहे, बाबा घरी असतात ते कधी?” या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही, आणि आम्ही समुद्रावर जाण्याचे ठरविले.

ते दिवस ख्रिस्ती लोकांच्या पेंटेकोस्ट नावाच्या सणाचे होते. जर्मन भाषेत या सणास ‘फिंग्स्टेन’ म्हणतात. ईस्टरचा दिवस धरून पन्नासाव्या दिवशी तो येतो. त्या वर्षी तो १९ मे रोजी रविवारी आला होता. दुसऱ्या दिवशीचा सोमवारही तेथे सार्वजनिक सुटीचा असतो, त्यामुळे शनिवार धरून सलग तीन दिवस मिळतात. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत रविवार व सणाचे दिवस यांना थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील १३९ वे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने आपल्या १४० व्या कलमाद्वारे कायम ठेवले. त्यात हे दिवस दोन हेतूंसाठी राखून ठेवले आहेत. एक, श्रमापासून विसावा; आणि दुसरा, चित्ताची उन्नती. बर्लिनमध्ये नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा देणारी तरतूद जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने २००९ साली याच आधारावर अमान्य केली. उद्योगाविषयी प्रसिद्ध असलेल्या राष्ट्राने सुटीचा संबंध चित्ताच्या उन्नतीशी जोडावा, हे मला मोठे मननीय वाटले.

आपल्याकडे सुटीची कल्पना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. पाठशाळेत आम्हास प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना अनध्याय असे. त्या दिवशी नवा पाठ नाही, आवृत्ती नाही. अष्टमी जवळ आली की आम्ही मुले आनंदून जात असू. पण गुरुजी एक गोष्ट दर वेळी बजावीत, “अनध्याय पाठाला आहे, संध्येला नाही.” मनुस्मृतीनेही नित्य स्वाध्याय आणि होमाचे मंत्र यांना अनध्यायाचा नियम लागू होत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. बालपणी हा विधीचा एक बारकावा एवढेच मला वाटे. त्यात केवढा अर्थ भरला आहे, हे वयाची चाळिशी उलटल्यावर कळावयाचे होते.

असो. शनिवारी सकाळी आम्ही दोघांचेही फोन बंद करून कपाटाच्या खणात ठेवले, तिकिटे कागदावर छापून घेतली आणि आगगाडीने निघालो. बर्लिनच्या उत्तरेस बाल्टिक समुद्रावर रोस्टोक नावाचे जुने बंदर आहे, आणि त्याच्या समुद्राकडील टोकास वार्नेम्युंडे. रुंद, पांढऱ्या वाळूचा किनारा, १८९८ साली सुरू झालेला दीपस्तंभ, आणि वाळूत ओळीने मांडलेली वेताची छपरी आसने. या आसनांना मोठी गोड कथा आहे. १८८२ साली संधिवाताने पीडलेल्या एका वृद्ध स्त्रीला समुद्राजवळ बसण्याची इच्छा होती, परंतु वारा सोसत नव्हता. तिच्यासाठी रोस्टोकमधील विल्हेल्म बार्टेलमान या वेतकाम करणाऱ्या कारागिराने मागून व वरून झाकलेले असे आसन विणून दिले. आता बाल्टिक आणि उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्यांवर सर्वत्र तीच आसने दिसतात. एका आजारी वृद्धेची सोय पाहताना सगळ्यांची सोय झाली.

मी कोकणातला. समुद्र पाहातच वाढलो. परंतु समुद्रावर दिवसभर नुसते बसावयास जाणे आमच्या घरी ठाऊक नव्हते. समुद्रस्नान पर्वकाळी करावे असा शिष्टांचा संप्रदाय. एरवी सायंकाळी वाळूतून फेरी मारावी आणि दिवेलागणीला घरी यावे. शिवाय आमचा समुद्र तिथीप्रमाणे वागतो. पौर्णिमा-अमावास्येस उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. वार्नेम्युंडेस मी दुपारभर भरतीची वाट पाहिली. ती आलीच नाही. बाल्टिक समुद्र चोहोकडून जमिनीने वेढलेला असून अरुंद सामुद्रधुन्यांनीच बाहेरच्या महासागराशी जोडलेला आहे. त्यामुळे तेथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. ओडर, विस्तुला, नेवा यांसारख्या मोठ्या नद्या त्यास अखंड गोडे पाणी देतात, म्हणून त्याचा खारटपणाही कमी. महासागरात हजार भाग पाण्यास सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. वार्नेम्युंडेच्या बाजूस ते त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतात.

रविवारी वैशाख शुद्ध एकादशी होती. मी उपवास केला. मुलीने वाळूचा किल्ला बांधला, मी त्याचा खंदक खणला. तेथे मे महिन्यात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्या शांत पाण्यासमोर सायंसंध्या केली तेव्हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे येणारा समुद्राचा दृष्टांत मनात आला. नद्यांचे पाणी सर्व बाजूंनी आत येत असता जो आपली मर्यादा सोडीत नाही, तसा ज्याच्या ठिकाणी सर्व काम प्रवेश करतात आणि तरी जो ढळत नाही, तोच शांती पावतो, असे तेथे भगवंतांनी सांगितले आहे. मनात ना चिंता, ना कामाची आठवण, ना कोणाचा निरोप. मला वाटले, हीच ती अचल स्थिती. हे लिहिताना लाज वाटते, परंतु तसे वाटले खरे.

त्याच दिवशी शेजारच्या आसनात एक प्रौढ बाई बसल्या होत्या. रुग्णालयात परिचारिका होत्या. फोन जवळच ठेवलेला. मी सहज विचारले, “सुटीच्या दिवशीही हा बरोबर आणावा लागतो?” त्या म्हणाल्या, “आज माझी हाकेची पाळी आहे. बोलावले तर जायचे, नाही बोलावले तर इथेच बसायचे.” जर्मन भाषेत यास ‘रुफबेराइटशाफ्ट’ असा शब्दच आहे, हाक आल्यास उठण्याची सिद्धता, असा त्याचा अर्थ. मी म्हटले, “मग विश्रांती कशी लाभणार?” त्या हसून म्हणाल्या, “वाजेल तेव्हा ऐकू येईल. तोवर मी तो ऐकत बसत नाही.” आणि थोड्याच वेळात त्या त्या वेताच्या आसनात गाढ झोपी गेल्या. मला त्यांची कीव आली.

सोमवारी रात्री घरी येऊन खण उघडला. दादाचे अकरा वेळा फोन येऊन गेले होते. शनिवारी सायंकाळी तुळशीला दिवा लावून परतताना मातोश्री अंगणात घसरून पडल्या आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. रात्रीच त्यांना शहरातील रुग्णालयात नेले, सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली आणि ती ईश्वरकृपेने निर्विघ्न पार पडली. हे सर्व दादाने सांगितले, आणि माझा आवाज ऐकून म्हणाला, “अरे, तू तिथून काय करणार होतास? शस्त्रक्रियेपर्यंत पोचलाही नसतास. मी होतो ना.” दुसऱ्या दिवशी मातोश्रींशी बोलणे झाले. आवाज क्षीण होता. त्या म्हणाल्या, “समुद्रावर गेला होतास ना? पोरीला पाण्यात जपून नेलीस ना?” या बोलण्यात ना रोष होता, ना टोमणा. नंतर वहिनींकडून कळले की रविवारी रात्री वेदना होत असताही त्यांनी दोनदा विचारले होते, “आज रविवार ना? धाकट्याचा फोन कसा नाही आला?” आणि मग आपणच म्हणाल्या होत्या, “सुटी असेल. राहू दे.”

ज्या वेळी त्या हे विचारीत होत्या, त्या दिवशी मी व्रतस्थ होतो. ‘उपवास’ या शब्दाचा अर्थ जवळ राहणे असा आहे, हे मी कित्येकांस शिकविले आहे. मी त्या दिवशी कोणाच्या जवळ होतो?

आता विचार करू. येथे पहिली शंका अशी की, दादा म्हणाला ते खरेच होते. मला कळले असते तरी हाड जुळले नसते. मग दोष कसला? हे समाधान ऐकावयास गोड आहे आणि मी काही दिवस त्याचा आश्रयही केला. परंतु ते गीतेच्या कसोटीस उतरत नाही. कर्तव्याचे मोल त्याच्या फळावरून ठरवू नये, हा तर गीतेचा प्रथम पाठ. ‘मी असतो तरी काय झाले असते’ असे म्हणताना आपण फळ मोजतो, आणि फळ शून्य आले म्हणून कर्तव्यही शून्य होते असे ठरवितो. फलाची आशा सोडा असे सांगणारा उपदेश आपण उलटा वाचतो, आणि फळ नाही म्हणून कर्मच सोडतो. आईच्या उशाशी माझा आवाज पोचला असता तर हाडावर काही परिणाम झाला नसता. परंतु तो आवाज पोचविणे एवढेच माझ्या हाती होते, आणि जेवढे हाती असते तेवढ्यालाच कर्तव्य म्हणतात.

दुसरी शंका. त्याच अध्यायात कासवाचा दृष्टांत आहे. कासव जसे सर्व बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेते, तशी इंद्रिये विषयांपासून आवरावी असे सांगितले आहे. मग फोन बंद करून ठेवणे हे इंद्रियसंयमनच नव्हे काय? याचे उत्तर असे की, कासव अवयव आत घेते, ते तोडून टाकीत नाही. आणि ज्यांपासून आवरावयाचे ते विषय होत, कर्तव्ये नव्हेत. दिवसभर हातातील यंत्रावर येणाऱ्या शेकडो निरर्थक वार्ता हा विषय आहे. त्यापासून तीन दिवस नव्हे, तीस दिवस दूर राहिल्यास कल्याणच होईल. परंतु त्याच यंत्रातून आईची हाकही येते. मी विषय आणि हाक यांचा विवेक न करता दोहोंवर एकच कुलूप घातले. अठराव्या अध्यायात नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस आणि देहास कष्ट नको म्हणून केलेला त्याग राजस म्हटला आहे. पोथ्यांचे काम ठेवले यात दोष नव्हता. तो अनध्याय होता. रविवारचा नेम ठेवला नाही, येथे मात्र मी संध्येलाच अनध्याय दिला होता.

आणि तो समुद्राचा दृष्टांत? ज्या पाण्यासमोर बसून मी त्याचे चिंतन केले, त्या पाण्यानेच मला नीट समजावून द्यावयास हवे होते. बाल्टिक समुद्र शांत दिसतो तो नद्यांना मज्जाव करून नव्हे. नद्या त्यात रात्रंदिवस येत असतात. गीतेतील समुद्रही दारे लावून अचल झालेला नाही. सर्व काही आत येत असता तो अचल आहे. मी दार लावून बसलो आणि त्या निवांतपणास शांती समजलो. जी शांती एक निरोप आल्याने मोडली असती, तिला शांती कसे म्हणावे? खरी शांती माझ्या शेजारच्या आसनात झोपली होती. त्या परिचारिकेस हाक ऐकावयाची होती, परंतु हाकेची धास्ती नव्हती.

येथे दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे. त्या घटनेनंतर काही महिने मी फोन उशाशी घेऊन निजू लागलो. रात्री तीनदा उठून पाही. मुलगी बोलत असता माझे लक्ष यंत्राकडे असे. ही सेवा नव्हे, हा शोकच होता. धास्तावलेला मनुष्य हाकेच्या उपयोगी पडत नाही. शिवाय त्या तीन दिवसांत मुलीबरोबर वाळूत किल्ला बांधला, तोही माझा धर्मच होता. त्याचा पश्चात्ताप करणे म्हणजे एका कर्तव्यासाठी दुसऱ्याचा अपमान करणे. सहाव्या अध्यायात ज्याचा आहार व विहार युक्त आहे, ज्याची निद्रा व जागृतीही युक्त आहे, त्याचा योग दुःख हरण करतो असे सांगितले आहे. श्रीशंकराचार्यांनी तेथील ‘विहार’ शब्दाचा अर्थ पावले टाकणे, फिरणे असा केला आहे. म्हणजे फिरावयास जाण्यासही योगात स्थान आहे. अट एवढीच की ते युक्त असावे. युक्त म्हणजे जोडलेले, असाही त्या शब्दाचा धात्वर्थ आहे. आपल्या माणसांशी जोडलेला राहून जो विहार होतो, तो गृहस्थाचा युक्त विहार, असे समजण्यास हरकत नाही.

मराठीत आपण ‘हाकेच्या अंतरावर’ असे म्हणतो. घर हाकेच्या अंतरावर आहे म्हणजे आपण घरात नाही, पण कोणी हाक मारली तर ऐकू येईल. गृहस्थाची विश्रांती अशी हाकेच्या अंतरावरील असावी. संन्याशाने त्यापलीकडे जावे. त्याने तसा अधिकार विधिपूर्वक घेतला आहे. आपण तो तीन दिवसांसाठी उसना घेऊ नये.

अनुभवान्ती पाळू लागलो ते चार नियम वाचकांपुढे ठेवतो. सुटीस जाताना निदान एका आप्तास आपण कोठे उतरणार ते सांगावे आणि त्या ठिकाणचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. मी एवढे केले असते तर फोन खणात ठेवूनही चूक झाली नसती. दिवसातील एक ठरावीक वेळ घरच्यांसाठी राखावी आणि उरलेला दिवस निर्धास्तपणे विसावा घ्यावा. लहानसा नित्यनेम सुटीत मोडू नये, कारण तो क्षुल्लक दिसला तरी पलीकडे कोणीतरी त्याची वाट पाहत असते. चौथा नियम मायदेशी असणाऱ्या आईबापांसाठी आहे. ‘त्याला कशाला त्रास, सुटी असेल, राहू दे’ असे मनात म्हणून दुखणे लपवू नये. त्यात अपार प्रेम आहे, परंतु त्यामुळे मुलाची कर्तव्य करण्याची संधी हिरावली जाते.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत उशिरा दिसली. ‘मी होतो ना’ असे दादा म्हणाला. तो नेहमीच असतो. गेल्या कित्येक वर्षांत दादा-वहिनींनी सलग तीन दिवस कोठे घालविले नव्हते. माझी सुटी त्यांच्या न मिळालेल्या सुटीवर उभी होती, आणि वार्नेम्युंडेच्या वाळूत बसून विश्रांतीवर चिंतन करताना हे मला एकदाही सुचले नाही. २०२५ साली मी महिनाभर गावी जाऊन राहिलो आणि त्या दोघांस आग्रहाने पंढरपूर, तुळजापूर व गाणगापूर येथे पाठविले. मातोश्री आता काठी घेऊन तुळशीपर्यंत जातात. रोज दिवेलागणीस दादाचा फोन येई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “त्याला सांग, मी बरी आहे, सावकाश दर्शन घे म्हणावं.” आणि थोडे थांबून पुढे म्हणाल्या, “पण फोन केलास ते बरे केलेस, असेही सांग.”

श्रीभगवंत आपणा सर्वांस असा विसावा देवोत, की ज्यात हाक ऐकू येत राहील.